पाच रुपये बारा आण्यांची मोटार

आमच्या घरात सिनेमाची गाणी पेटीवर वाजविण्यास सक्त बंदी होती. वडिलांची उमेदीची पहिली वर्षे होळकर दरबारात तबल्याची साथ करण्यात गेलेली. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, दरबार उठला. दरबाराची शिस्त मात्र वडिलांच्या बैठकीतून कधी उठली नाही. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. सोळा वर्षांचा असेन. ते बाहेर गेलेले पाहून शेजाऱ्यांकडून मागून आणलेली एक कॅसेट लावून बसलो होतो. गाणे होते मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमधले. रात्रीची वेळ, बाहेर पाऊस, भिजून आलेली एक श्रीमंत मुलगी आणि तिची बिघडलेली मोटार खोलून बसलेला मिस्त्री. गाणे संपले तेव्हा मागे पाहतो तो वडील दारात उभे!

आता पाठीत धपाटा बसणार अशी माझी खात्री होती. त्यांनी बोटाने खूण करून गाणे पुन्हा लावावयास सांगितले. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेस त्यांचा हात आपोआप हलू लागला आणि काल कुठे पडतो ते दाखवू लागला. ठेका कोणी धरला आहे असे त्यांनी विचारले. पडद्यावर तरी मिस्त्रीच हातातल्या हत्याराने मोटारीवर धरतो, असे मी भीत भीत सांगितले. ते हसले नाहीत, काही बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तबला बाजूला ठेवून त्यांनी माझ्यापुढे डब्याचे झाकण आणि एक चमचा ठेवला आणि अर्धा तास नुसता ठेका धरावयास लावला. मोटार मिस्त्रीचा आमच्या घराण्यात झालेला हा पहिला प्रवेश.

हा मिस्त्री म्हणजे किशोरकुमार. इंदूरचे लोक त्याच्याविषयी एकेरीतच बोलतात, परक्या माणसासारखे अहोजाहो करीत नाहीत. मीही येथे तसेच लिहितो. त्याच्या गाण्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहावयाचे आहे ते त्याच्या मोटारीवर. कारण आपल्या देशात मोटार ही हसण्याची वस्तू होऊ शकते हे ज्यांनी दाखविले त्यांत याचा हात धरणारा दुसरा मला दिसत नाही, आणि त्या हसण्याच्या आड जे होते ते फारसे कोणी सांगत नाही.

त्याचे खरे नाव आभासकुमार गांगुली. जन्म ४ ऑगस्ट १९२९, खांडव्यात. वडील कुंजलाल तेथे वकिली करीत. थोरले बंधू कुमुदलाल म्हणजे आपले अशोककुमार, याच्याहून जवळजवळ अठरा वर्षांनी मोठे. मधले कल्याणकुमार, जे पुढे अनुपकुमार या नावाने पडद्यावर आले. तेव्हा अशोककुमार म्हणजे भाऊ कमी आणि वडीलधारे अधिक. शाळा संपल्यावर किशोर शिकावयास आला तो आपल्या इंदुरात, ख्रिश्चन कॉलेजात. १८८७ साली सुरू झालेले हे कॉलेज आजही त्याचे नाव अभिमानाने सांगते. अभ्यासासाठी नव्हे हे उघड आहे. कॉलेजच्या उपाहारगृहाच्या मालकाचे त्याच्याकडे पाच रुपये बारा आणे राहिले होते, आणि मालकाने तगादा लावला की हा पेल्यावर चमच्याने ताल धरून तोच आकडा निरनिराळ्या चालींत गाऊन दाखवी, असे सांगतात. उधारी फिटली की नाही याविषयी मात्र सांगणाऱ्यांचे एकमत नाही.

त्या दिवसांचे इंदूर वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. सामान्य माणसाचे वाहन म्हणजे टांगा, फार तर सायकल. मोटार म्हणजे सरकारस्वारी. यशवंतराव महाराजांना मोटारींचा शौक किती होता हे येथल्या जुन्या घरांना सांगावयास नको. त्यांची नारिंगी-काळी ड्यूसेनबर्ग, जिचा सांगाडा अमेरिकेतला आणि काया लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्यातली, तिचे नाव आजही जगातले शौकीन काढतात. अशी मोटार रस्त्याने गेली की माणसे बाजूला होत, कोणी मुजरा करीत. वडील सांगत की महाराज आत आहेत की नाहीत हे पाहण्याची गरज नसे. मुजरा मोटारीलाच असे. अशा वस्तूला हसावयाचे धाडस कोण करणार?

मुंबईस जाऊन गायक व्हावयाचे एवढेच किशोरच्या मनात होते. दैवत सैगल. अशोककुमारांना मात्र धाकट्याने नट व्हावे असे वाटे. १९४६ च्या ‘शिकारी’त त्याला लहानसे काम मिळाले. १९४८ च्या ‘जिद्दी’त खेमचंद प्रकाशांनी त्याला पहिले गाणे दिले, आणि ते ऐकले तर अगदी सैगलची सावली. सावली पुरे, आता आपला आवाज काढ, असा सल्ला पुढे सचिनदेव बर्मन यांनी दिला. अनुपकुमारांजवळ परदेशी गवयांच्या तबकड्या होत्या. त्यांतला गळा उलटापालटा करून गाण्याचा, ज्याला योडलिंग म्हणतात तो प्रकार याने उचलला. तालीम अशी कोणाकडे घेतली नाही. आम्हा गाणे शिकविणाऱ्यांचा त्याच्यावरचा जुना राग तो हाच. १९५१ च्या ‘आंदोलन’मध्ये तो नायक झाला आणि त्या वेळी त्याने एक लहानशी मॉरिस मायनर मोटार घेतली. ही मोटार वाचकांनी लक्षात ठेवावी. त्याच सुमारास रुमादेवींशी त्याचा विवाह झाला; १९५२ साली अमितकुमारचा जन्म झाला.

पुढची पाच-सहा वर्षे मनाविरुद्ध नटाचे काम. न आवडणाऱ्या कामातून सुटका करून घेण्यासाठी त्याने जे चाळे केले त्यांच्या गोष्टी मुंबईत अजून सांगतात. त्यांतली एक मोटारीचीच आहे. एका निर्मात्याने म्हणे कोर्टातून हुकूम मिळविला की या नटाने दिग्दर्शकाची आज्ञा तंतोतंत पाळली पाहिजे. दुसऱ्या दिवशी स्वारी मोटारीतून आली ती खाली उतरेचना. उतरण्याची आज्ञा कुठे झाली होती? मग मोटार चालविण्याचा प्रसंग चित्रित करावयाचा होता. दिग्दर्शकाने सुरू करावयास सांगितले आणि थांबावयास सांगण्याचे राहून गेले. हा जो निघाला तो थेट खंडाळ्यापर्यंत! गोष्टीत मीठमसाला किती हे देवास ठाऊक. पण तिची बांधणी पाहा. मोटार सुरू करणे एकाच्या हाती, थांबविणे दुसऱ्याच्या, आणि चालविणारा तिसराच. कोणत्याही चांगल्या प्रहसनास याहून अधिक सामग्री लागत नाही.

याच वर्षांत देशातल्या मोटारींची दशा काय होती तेही सांगितले पाहिजे, नाहीतर त्याच्या चित्रपटातली गंमत अर्धीच कळेल. जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून मुंबईत शेवरोले गाड्यांची जुळणी करीत असे. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण ठरले की सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांनी एक तर येथे कारखाना काढावा, नाहीतर गाशा गुंडाळावा. १९५४ साली कंपनीने काम बंद केले. देशी गाड्यांच्या कारखान्यांनी नुकते कुठे बाळसे धरले होते. अॅम्बॅसडर आली ती १९५७ च्या सुमारास. तेव्हा ज्याच्याजवळ जुनी गाडी होती त्याने ती मरू द्यावयाची नाही, हाच एक मार्ग. तारेने बांधा, पत्रा ठोका, एकीचा भाग दुसरीला लावा. साहेबाच्या देशात मोटार जुनी झाली की भंगारात जाई. आपल्याकडे ती घरातल्या म्हातारीसारखी कुरकुरत, खोकत, पण सर्वांना दटावीत राहिली. आणि मिस्त्री हा तिचा वैद्य. अमेरिकेच्या मूकपटांत मोटारी एकमेकींवर आपटत, मोडत, त्यांचा चुरा होई आणि लोक हसत. आपल्याला तो विनोद परवडण्याजोगाच नव्हता. आपला विनोद मोटार मोडण्याचा नव्हे, ती चालू ठेवण्याचा.

१९५८ च्या आरंभी ‘चलती का नाम गाडी’ पडद्यावर आला तो या भूमीवर. पैसा किशोरच्या संस्थेचा, दिग्दर्शन सत्येन बोस यांचे, गाणी मजरूह सुलतानपुरींची, संगीत सचिनदेव बर्मन यांचे. तीन भाऊ गॅरेज चालवितात आणि त्या भूमिका तिघा खऱ्या भावांनीच केल्या. थोरला ब्रिजमोहन म्हणजे अशोककुमार, एके काळचा मुष्टियोद्धा, बाईमाणसाचे नाव काढले की भडकणारा. मधला अनुपकुमार, भित्रा आणि भाबडा. धाकटा मनमोहन हा किशोर. घरात थोरल्याचा धाक, आणि बाहेर त्यांची ती जुनाट, उघडी, खडखडणारी मोटार. पावसाळी रात्री मधुबालेची झकपक गाडी बंद पडते आणि नेमकी याच्या दारात येते. गाडी दुरुस्त होते, बाईसाहेब निघून जातात, मजुरी राहून जाते. मजुरी किती? पाच रुपये बारा आणे.

इंदूरच्या उपाहारगृहातली उधारी अशी मुंबईच्या गॅरेजात फिरून आली. फक्त येथे देणेकऱ्याचा धनको झाला. पुढे एका द्वंद्वगीतात ती चांदण्या-ताऱ्यांची भाषा बोलते आणि हा दर वेळी आपला हिशेब मागतो. गंमत अशी की १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले होते. चित्रपट आला तेव्हा बारा आण्यांचे सरकारी हिशेबाने पंचाहत्तर नवे पैसे झाले होते. पण पंचाहत्तर नव्या पैशांना चाल लावून पाहा, जिभेला अडखळल्यासारखे होते. बारा आणे हे कसे, समेवर बरोबर येऊन बसतात!

आता त्या पावसाच्या गाण्याकडे परत येतो. १९५५ साली अमेरिकेत टेनेसी अर्नी फोर्डच्या आवाजात कोळशाच्या खाणीतल्या मजुराचे एक गाणे गाजले होते. कंपनीच्या दुकानाचे कर्ज कधीच न फिटणारा तो मजूर. त्या चालीची छाया बर्मनदांच्या या गाण्यावर स्पष्ट आहे. कित्येकांनी यावरून नाके मुरडली. मला तसे वाटत नाही. तिकडे राबणारा माणूस आणि त्याचे कर्ज, इकडे राबणारा माणूस आणि त्याची येणी. बर्मनदांनी नुसती चाल उचलली नाही, प्रसंगाचे मर्मही हेरले. आणि किशोरने काय केले? गाताना त्याचे काम थांबत नाही. नायक गाऊ लागला की हातातले काम टाकून झाडाभोवती फिरावयाचे, ही आपल्या पडद्याची रीत. हा मोटारीपासून हलत नाही. हत्यार पडते ते लयीत, चेहरा वाकडा होतो तो लयीत, मुलीकडे चोरून पाहतो तेही लयीतच. विनोदाचे रहस्य लयीत असते असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, पण सांगून ते कळत नाही. हे गाणे दाखविले की कळते.

दुसरे गाणे तिघे भाऊ ती खटारा मोटार रस्त्यावरून हाकीत जातात ते. त्यात किशोरबरोबर मन्ना डे आहेत. त्या गाण्यात भोंगाही गायकांनी तोंडाने म्हटला आहे. तबलजी बोल हाताने वाजविण्याआधी तोंडाने म्हणून दाखवितो, त्याला आपण पढंत म्हणतो. वडिलांनी पुढे कधीतरी हे गाणेही ऐकले. मोटारीची पढंत प्रथमच ऐकली, असे काहीसे ते पुटपुटले. त्यांच्या तोंडून निघालेली ही चित्रपटसंगीताची सर्वांत मोठी स्तुती होय.

हा चित्रपट पडावा अशी किशोरची इच्छा होती असे म्हणतात. आयकराचा तगादा होता. खर्च करावा, बुडावे, आणि तोटा दाखवावा असा बेत. म्हणून मनाला येईल तो वेडेपणा त्याने यात केला, आणि नेमका तोच लोकांना आवडला. त्या वर्षी जे चित्रपट सर्वाधिक चालले त्यांत याची गणना झाली. तोट्यासाठी बांधलेली गाडी धावत सुटली आणि आयकराचे लचांड पुढे कित्येक वर्षे मागे लागले. ही कथा खरी असो वा नसो, त्या चित्रपटातला बेफिकीरपणा पाहिला की खरी वाटते. गल्ल्याकडे डोळा ठेवणाऱ्या माणसाला असे खेळता येत नाही.

पण हा सारा देश त्या खटाऱ्याला हसत होता त्याच १९५८ साली किशोरचे घर मोडले. रुमादेवी मुलाला घेऊन कलकत्त्यास गेल्या. आणि मग ती मॉरिस मायनर, जी दोघांनी नव्या संसारात घेतली होती, ती त्याने विकली नाही, कोणाला दिली नाही, भंगारातही घातली नाही. ती त्याने आपल्या बंगल्याच्या आवारात पुरून टाकली. ही गोष्ट उडत्या गप्पांतली नव्हे. अमितकुमारनेच ती पुढे मुलाखतीत सांगितली आहे.

मी हे प्रथम वाचले तेव्हा हसलो. त्याच्या इतर वेडेपणाच्या ओळीत ही एक भर, असे वाटले. मग आठवले की हिंदीत गाडी म्हणजे वाहन आणि गाडी म्हणजेच पुरलेली. कबीराच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका दोह्यात हाच श्लेष आहे: जी चालते तिला लोक पुरलेली म्हणतात, हे जगाचे उफराटे पाहून कबीराला रडू येते. किशोरच्या चित्रपटाचे नाव याच शब्दावर उभे आहे. त्याच्या मनात हा श्लेष होता की नव्हता, मला ठाऊक नाही आणि तर्क करावासाही वाटत नाही. पण तेव्हापासून तो चित्रपट पाहताना, सारे थिएटर हसत असते त्या जागी, मला बंगल्याच्या आवारातली ती माती दिसते.

१९६० साली त्याने मधुबालेशी विवाह केला. जिची मोटार त्याने पडद्यावर एका रात्रीत नीट करून दिली होती तिच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होते, आणि ते नीट करणे त्या काळी येथे कोणाच्याही हाती नव्हते. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी ती गेली. त्याच वर्षी ‘आराधना’ आला आणि किशोर नट म्हणून मागे सरून गायक म्हणून सर्वांच्या पुढे गेला. पुढच्या अठरा वर्षांची कथा घरोघर माहीत आहे, ती मी सांगत बसत नाही. १९७४ साली त्याने ‘बढती का नाम दाढी’ काढून जुन्या मौजेची पुन्हा एकदा आठवण करून दिली, पण ती मौज पुन्हा जमली नाही. आणि खरे म्हणजे जमण्यासारखी नव्हती. तीन भाऊ एका मोटारीत बसतात तो योग आयुष्यात एकदाच येतो. आपल्या मराठीत त्याने गायिले ते अगदी शेवटी, १९८७ च्या ‘गंमत जंमत’मध्ये. १३ ऑक्टोबर १९८७ रोजी तो गेला. तो दिवस अशोककुमारांच्या वाढदिवसाचा. अंत्यसंस्कार त्याच्या इच्छेप्रमाणे खांडव्यात झाले.

समाधीवर दर वर्षी ४ ऑगस्टला लोक जमतात, गातात, दूध-जिलेबी ठेवतात. काही वर्षांपूर्वी मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. भाड्याची लहान बस, बारा मुले, दोन तबले, एक पेटी. भेरूघाटात बस बंद पडली. वर पावसाची भुरभुर. ड्रायव्हरने कुठून तरी एक मिस्त्री आणला. तो बसखाली शिरला आणि पान्ह्याचे ठोके ऐकू येऊ लागले. एकाने तोंडाने ठेका धरला, दुसऱ्याने पत्र्यावर, तिसरीने भोंग्याची पढंत सुरू केली. वडील असते तर त्यांनी काल दाखविण्यासाठी हात बाहेर काढला असता. मुले इतकी रंगली की बस सुरू झाल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. मग मिस्त्रीने हात पुशीत आपली मजुरी सांगितली, आणि सगळी मुले एकदम खो खो हसत सुटली. त्या बिचाऱ्याला काही उमगेना. आपण जास्त सांगितले की काय म्हणून तो ओशाळला. मी त्याला सांगितले तितके पैसे तेथल्या तेथे मोजून दिले, आणि आम्ही खांडव्याकडे निघालो.